“मॅडम, माझे सात का?”

प्रश्न : विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी मी कला महाविद्यालयात इतिहास शिकवते. नेमणूक तासिका तत्त्वावर, दुसरं वर्ष. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आधुनिक महाराष्ट्राचा इतिहास आहे आणि अंतर्गत गुणांपैकी २० गुण तोंडी परीक्षेचे. विद्यार्थी ७२. मागच्या सत्रात मी आणि एक ज्येष्ठ सहकारी, दोघांनी मिळून ११ ते ५ अशी एका दिवसात तोंडी उरकली. निकाल पाहिला तर ६० जण १३ ते १६ च्या मध्ये. वर्गात कायम बोलणाऱ्या दोघांना १८ आणि १९. एका अबोल मुलीला ७ पडले. ती विचारायला आली, “मॅडम, माझे सात का?” मला सांगता आलं नाही. ती काय बोलली होती ते आठवत नव्हतं आणि कागदावर नुसता आकडा होता. शिवाय सकाळी बाहेर पडलेल्यांकडून दुपारच्यांना प्रश्न आधीच कळलेले. सहकारी म्हणतात, “तोंडीत एवढं काय? दोन प्रश्न विचारायचे, पोरगं कसं आहे ते कळतंच.” मार्चमध्ये पुन्हा तोंडी आहे. ती नीट कशी घ्यायची?

उत्तर : मॅडम, तुमच्याकडे त्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्यासाठी किती वेळ होता, तो हिशेब आधी करू. ११ ते ५, त्यात अर्धा तास जेवणाचा. राहिली ३३० मिनिटं. भागिले ७२, म्हणजे साडेचार मिनिटं. त्यातलं एक मिनिट आत येणं, सही करणं, बसणं यात जातं. साडेतीन मिनिटांत कुणाचाही इतिहास कळत नाही. कळतो तो आवाज, आत्मविश्वास आणि वर्षभराची ओळख. त्यावर गुण द्यायला गेलं की परीक्षकाचा हात आपोआप मधल्या आकड्यांवर स्थिरावतो, कारण १० द्यायलाही कारण सापडत नाही आणि १८ द्यायलाही. तुमच्या साठ जणांची तेरा-ते-सोळाची गर्दी तिथून आली. बोलक्यांचे १८-१९ आणि त्या मुलीचे ७ हेही तिथूनच.

म्हणून पहिली गोष्ट : एक दिवस सोडा, तीन दिवस मागा. प्रत्येकाला ७ मिनिटं प्रश्नोत्तरं आणि २ मिनिटं नोंद, असे ९. दिवसाला २४ विद्यार्थी, २१६ मिनिटं. दर आठ जणांनंतर १० मिनिटांची विश्रांती, म्हणजे दोन विश्रांती. एकूण २३६ मिनिटं, चार तासांच्या आत. सकाळी ११ ला बसलात तर ३ वाजायच्या आत उठाल आणि बाकीचे तासही बुडणार नाहीत. प्राचार्यांकडे जाताना हा हिशेब कागदावर लिहून न्या. “वेळ कमी पडतो” असं नुसतं सांगितलं तर वेळ मिळत नाही. त्याच फेरीत तुमच्या विद्यापीठाचं अंतर्गत मूल्यमापनाचं परिपत्रकही काढून वाचा. गुणांची विभागणी, दोन परीक्षक लागतात का, नोंदी किती काळ ठेवायच्या, याबद्दल त्यात काही ठरवून दिलेलं असेल तर आमच्या खालच्या सूचना त्याला धरून वळवून घ्या.

आता काय विचारायचं ते. लेखी पेपर आहेच. “दख्खनच्या दंग्यांची कारणे सांगा” हा प्रश्न तिथे येतो आणि गाईडातली पाच कारणं पाच मिनिटांत उतरतात. तोच प्रश्न तोंडीत विचारला तर तीच पाच कारणं ऐकू येतात, फक्त पाठांतर पक्कं असलेल्याची न अडखळता आणि दुसऱ्याची अडखळत. तोंडीचा उपयोग लेखीत जे पकडता येत नाही ते पकडायला करायचा. मुलाने सांगितलेलं त्याला समजलंय का, आणि ते आपल्याला कशावरून माहीत आहे हे त्याला ठाऊक आहे का. त्यासाठी प्रत्येक विषयाची एक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर तीन पायऱ्या : काय, का, कशावरून.

दख्खनच्या दंग्यांचीच चिठ्ठी घेऊ.

काय : १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला काय झालं? अपेक्षित उत्तरात पुणे जिल्ह्यातलं, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं बाजाराचं गाव यावं. तारीख १२ मे. सावकारांच्या घरा-दुकानांवर लोक चालून गेले, कर्जरोखे आणि वह्या ताब्यात घेऊन जाळल्या, आणि हे लोण पुढे अहमदनगर जिल्ह्यापर्यंत गेलं. तारीख नाही आली तर बिघडत नाही. जाळले काय, हे यायलाच हवं.

का : सावकार आणि कर्ज आधीपासून होतंच, मग १८७५ लाच का? हा प्रश्न असा विचारला की गाईडातली यादी कामाला येत नाही, दुवे जोडावे लागतात. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते ६५. तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, इकडच्या कापसाला भाव आला, सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं, भाव उतरले, सावकारांनी हात आखडता घेतला. त्यातच १८६७ पासून सारा-आकारणीची (सारा म्हणजे जमिनीवरचा सरकारी कर) फेरतपासणी होऊन सारा वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीन वर्षांपुरताच ग्राह्य धरला होता, तो शेतकऱ्याच्या भल्यासाठी. सावकारांनी दर तीन वर्षांनी मुद्दल अधिक व्याज असा नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली आणि व्याजावर व्याज चढत गेलं.

कशावरून : सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. सरकारी साऱ्याची मागणी हे कारण नव्हे, दोष सावकारांचा, असं त्याने म्हटलं. तुम्ही हे मानाल का? तपासायचं कसं? इथे मुलाने एवढं जरी म्हटलं की आयोग नेमणारं सरकारच सारा वसूल करत होतं, तरी दार उघडलं. पुढे जाऊन तो म्हणाला की अहवालात रयतेच्या आणि सावकारांच्या जबान्या आहेत, त्या निष्कर्षापासून वेगळ्या काढून वाचता येतील, १८६७ च्या आधीचे आणि नंतरचे साऱ्याचे आकडे शेजारी ठेवता येतील, तर त्याला इतिहास कळायला लागलाय.

अशा बारा चिठ्ठ्या करा. तिसरी पायरी प्रत्येक चिठ्ठीत तितकीच भक्कम आहे ना, हे मात्र बघा. चिठ्ठ्या असमान निघतात त्या बहुतेक इथेच. सत्यशोधक समाजाची चिठ्ठी (स्थापना पुणे, २४ सप्टेंबर १८७३) करायची तर ‘कशावरून’मध्ये समाजाचे स्वतःचे अहवाल, १८७७ मध्ये सुरू झालेलं ‘दीनबंधु’ वृत्तपत्र आणि विरोधकांचं लेखन, यांतल्या कशाला किती वजन द्यायचं, असा प्रश्न येतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चिठ्ठीला तर आयता प्रश्न आहे : हुतात्म्यांचा आकडा कुठे १०५, कुठे १०६, कुठे १०७ असा आढळतो, तो असा का बदलतो आणि पक्का करायचा तर कोणते कागद पाहाल? याउलट महाडच्या चिठ्ठीला तिसरी पायरी म्हणून “चवदार तळ्याचा सत्याग्रह किती तारखेला झाला” असं ठेवलंत (२० मार्च १९२७) तर ती चिठ्ठी ज्याला निघेल त्याची दिवाळी. तयार झालेल्या बाराही चिठ्ठ्या दुसऱ्या कुणा इतिहासाच्या शिक्षकाला दाखवा आणि एकच विचारा, यांतली तुला कोणती हवी आणि कोणती नको. दोन्ही बाजूंची टोकं दुरुस्त करा.

प्रश्न फुटण्याचा तुमचा त्रास इथेच मिटतो. बारा विषय आणि तीन पायऱ्यांची पद्धत आठवडाभर आधी फळ्यावर लावून टाका. लपवायचं काही नाही, फुटायचंही काही उरत नाही. तुमच्याजवळ ठेवायचे ते फक्त प्रत्येक चिठ्ठीचे चार-पाच उपप्रश्न. ते विद्यार्थी जे बोलेल त्यावरून निवडायचे. “सावकार लुटत होते” असं कुणी म्हणालं तर “मग आधीच्या वीस वर्षांत दंगे का झाले नाहीत?” “कापसाचा भाव पडला” म्हणालं तर “पण कर्ज कापसावर होतं की जमिनीवर?” आधीच्या मुलाला काय विचारलं हे कळून पुढच्याला फार उपयोग होत नाही, कारण त्याचं उत्तर वेगळं असतं.

चिठ्ठी विद्यार्थ्याने स्वतः काढायची. एकदा बदलायची मुभा द्या, गुण न कापता. आधीच्याची तोंडी चालू असताना पुढचा बाहेरच्या बाकावर कोरा कागद आणि पेन घेऊन बसतो, त्यामुळे प्रत्येकाला तयारीला ९ मिनिटं आपोआप मिळतात. बाकावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं, आणि फोन आत टेबलावर. ही ९ मिनिटं अबोल मुलांना फार उपयोगी पडतात. वर्गात कधीच हात वर न करणारी मुलगी कागदावर चार शब्द लिहून आली की बोलते.

चिठ्ठ्यांचा आणखी एक फायदा आहे, तो सहसा कुणी बोलून दाखवत नाही. आडनाव बघून महाडचा प्रश्न एका विशिष्ट मुलालाच विचारला जातो, आणि पेशवाईचा दुसऱ्या विशिष्ट मुलीला. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतंही, पण समोरच्याला ते कळतं आणि त्याची जीभ जड होते. चिठ्ठी आडनाव बघत नाही.

आता गुण. २० गुणांचे चार भाग करा. तपशील आणि कालक्रम ५, कारणमीमांसा ६, पुरावा ५, उपप्रश्नांना दिलेला प्रतिसाद ४. भाषा, सफाई, आवाज, आत्मविश्वास यांना वेगळा रकाना ठेवू नका. असला की तो बाकीच्या चारही रकान्यांना रंग देतो.

तपशिलात साल चुकणं आणि क्रम चुकणं यांत फरक करा. सत्यशोधक समाजाचं साल कुणी १८७५ सांगितलं तर त्याचा आर्य समाजाशी घोटाळा झालाय, तो मुंबईत १८७५ ला स्थापन झाला. अर्धा गुण गेला, पुरे. पण “दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला म्हणून चिडून दंगे झाले” असं कुणी म्हणालं तर ५ पैकी २ च्या वर जाऊ नका. कायदा १८७९ चा, दंगे आधीचे. कारण आणि परिणाम उलटे झाले की त्यापुढचं सगळं उलटं होतं.

कारणमीमांसेच्या ६ गुणांसाठी चार नमुने आधीच लिहून टेबलावर ठेवा. “शेतकरी गरीब होते आणि सावकार लुटत होते” : हे १८५० लाही खरं होतं आणि १९०० लाही, म्हणून १, फार तर २. दोन-तीन कारणं सुटी सुटी सांगितली, दुवा नाही : ३. कापसाची तेजी, सढळ कर्ज, मंदी, आखडलेला हात, ही साखळी स्वतःच्या शब्दांत जोडली : ५. साखळी जोडून वर कोणतं कारण जड आणि का, हे सांगायचा प्रयत्न केला : ६. त्याचं मत तुम्हाला पटलं नाही तरी ६. पानिपतच्या बाबतीत हे जास्त सांभाळावं लागतं. एखादा म्हणेल भाऊसाहेबांच्या स्वभावामुळे हरलो, एखादा म्हणेल रसद तुटल्यामुळे. दुसरं तुम्हाला पटतं म्हणून त्याला जास्त, असं नको. पहिल्याने सूरजमल जाट सोडून गेल्याचं उदाहरण देऊन स्वभावाशी जोडलं असेल आणि दुसऱ्याने नुसतं “अन्न नव्हतं” म्हटलं असेल, तर पहिल्याचं उत्तर वरचं.

पुराव्याच्या रकान्यात “पुस्तकात दिलंय” याला १. साधनाचं नाव घेतलं तर २. ते कुणी, केव्हा, कुणासाठी तयार केलं हे सांगितलं तर ३ किंवा ४. दुसऱ्या साधनाशी ताडून पाहण्याची वाट दाखवली तर ५. सुरुवातीला या रकान्यात बहुतेकांना १-२ पडतील, घाबरू नका. वर्गात हे शिकवलेलंच नसतं. मार्चच्या तोंडीसाठी जानेवारीत चार तास द्या आणि प्रत्येक तासाला एक उतारा घेऊन “हे कुणी लिहिलं, कशासाठी” एवढंच करा. जे शिकवलं नाही त्याचे ५ गुण लावणं बरोबर नाही.

उपप्रश्नांच्या ४ गुणांत एक गोष्ट आवर्जून मोजा : चूक लक्षात आणून दिल्यावर विद्यार्थी काय करतो. “थांबा मॅडम, कायदा नंतरचा, मी उलट बोललो” असं म्हणणाऱ्याला इथे ३-४ मिळायला हवेत. चूक तशीच रेटत नेणाऱ्याला १. तोंडी परीक्षेत स्वतःची दुरुस्ती करता येते, लेखीत ती खाडाखोड होते.

उत्तीर्णतेची रेघ तुमच्याकडे ४० टक्के असेल तर २० पैकी ८. हे ८ कसे दिसतात ते दोघांनी आधीच ठरवा : काय झालं आणि कशानंतर झालं ते येतं (३), एखादं कारण सांगता येतं (२), पुस्तकापलीकडे साधन माहीत नाही (१), उपप्रश्नाला थोडा प्रतिसाद (२). एवढं असेल तर मूल पास. याच्या खाली गेलेल्याची नोंद दोघांनी वाचूनच आकडा पक्का करायचा.

प्रश्न विचारण्याची पद्धत हा खरा कौशल्याचा भाग आहे आणि अनुभवी माणसंही इथेच चुकतात. ७ मिनिटं अशी वाटा : बसून श्वास घ्यायला १, ‘काय’ला दीड, ‘का’ला अडीच, ‘कशावरून’ला २. प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. मनात सावकाश दहा आकडे मोजा. शिक्षकाला शांतता सहन होत नाही, तिसऱ्या आकड्यालाच तो स्वतः बोलायला लागतो आणि सात मिनिटांतली चार तोच बोलतो. “म्हणजे राग सावकारांवर होता, सरकारवर नव्हता, बरोबर ना?” असं विचारलं की मूल “हो” म्हणतं आणि आपण त्याला आपल्याच उत्तराचे गुण देतो.

दहा आकडे होऊनही उत्तर नाही आलं तर मदत तीन टप्प्यांत. आधी तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा. मग प्रश्न लहान करून : “१८६५ नंतर कापसाचं काय झालं?” मग सूचक शब्द : “रोख्याची मुदत आठवते?” नोंदीच्या कागदावर अनुक्रमे पु, ल, सू अशी खूण करा. पुनरुच्चाराला गुण कापायचे नाहीत. प्रश्न लहान करावा लागला तर त्या रकान्यात ६ पैकी जास्तीत जास्त ५. सूचक शब्द द्यावा लागला तर जास्तीत जास्त ४. हे ठरलेलं नसलं की आवडत्या मुलाला सूचना दिल्याचं आपल्या लक्षातही राहत नाही. आणि “शाब्बास”, “अरेरे”, भुवया वर, हे टाळा. एक “ठीक” सगळ्यांना पुरतं.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विदर्भातून लिहिता आहात म्हणून सांगतो. “त्यायले कागद जाळाचे होते, माणसं नाई” असं एखादा मुलगा म्हणाला, तर त्याने दख्खनच्या दंग्यांचं मर्म सांगितलं : माणसांवर हिंसा त्या मानाने कमी झाली, रोख कागदांवर होता. हेच वाक्य “सदर उठावाचे स्वरूप प्रामुख्याने कर्जविषयक दस्तऐवजांच्या विध्वंसाचे होते” असं आलं तर आपला हात एक गुण जास्त टाकतो. कारण ते पुस्तकासारखं वाजतं. कधीकधी ते पुस्तकातलंच असतं. म्हणून नोंद करताना वाक्याचा आशय लिहा : “रोख कागदांवर, माणसांवर नाही.” मग गुण देताना दोन्ही उत्तरं कागदावर सारखी दिसतात.

ही नोंद म्हणजे सगळ्या पद्धतीचा कणा. अर्ध्या ए-फोर कागदावर रोल नंबर, चिठ्ठीचा क्रमांक, चार रकाने, मदतीच्या खुणा, आणि खाली विद्यार्थ्याच्या बोलण्यातली निदान दोन वाक्यं : एक सगळ्यात चांगलं, एक सगळ्यात कच्चं. पुढच्या वेळी कुणी “माझे सात का” म्हणून आलं की हा कागद समोर ठेवायचा. ध्वनिमुद्रण करणार असाल तर महाविद्यालयाची परवानगी आणि विद्यार्थ्याची लेखी संमती आधी घ्या, आणि तक्रारीची मुदत संपली की फाईल पुसून टाका. पण ७२ तोंडींचे आठ तासांवर रेकॉर्डिंग नंतर कुणी ऐकत नाही, कागद मात्र वाचला जातो.

आता तुमचे ज्येष्ठ सहकारी. त्यांना पद्धत पटवत बसू नका, त्यात सत्र जाईल. “सर, प्रश्न तुम्ही विचारा, नोंद मी करते” असं सुचवा. मान त्यांना, कागद तुमच्याकडे. गुण मात्र दोघांनी आपापल्या कागदावर, एकमेकांना न दाखवता लिहायचे. विद्यार्थी बाहेर गेल्यावर ताडून बघायचे. फरक २ पर्यंत असेल तर सरासरी, अर्धा आला तर वर. फरक ३ किंवा जास्त असेल तर मधला आकडा काढू नका, कोणत्या रकान्यात फरक आहे ते बघा. बहुतेक वेळा एकाने वाक्य ऐकलेलंच नसतं. पहिल्या दिवशी तोंडी सुरू होण्याआधी अर्धा तास बसून वर दिलेल्या नमुना उत्तरांना दोघांनी स्वतंत्र गुण देऊन बघा. दख्खनच्या चार नमुन्यांवरच दोन गुणांचा फरक निघाला, तर तो ७२ वेळा निघणार आहे हे त्यांनाही दिसेल.

पहिल्या आठ जणांचे गुण पेन्सिलने लिहा. सुरुवातीला परीक्षकाला कडक वाटायचं असतं किंवा सैल, कुणालाच माप सापडलेलं नसतं. पहिल्या विश्रांतीत चहा घेताना आठही कागद मांडून फक्त वाक्यं वाचा आणि सारख्या उत्तरांना सारखे गुण पडलेत का बघा, मग शाई. पुढच्या विश्रांतीतही तेच. फार हुशार मुलाच्या लगेच मागून आलेल्याला हमखास कमी पडतात, तोही तपास इथेच होतो. क्रम रोल नंबरने ठेवायचा तर सुरुवात कुठून करायची ते चिठ्ठी टाकून ठरवा, म्हणजे दर वेळी तेच विद्यार्थी दमलेल्या परीक्षकांपुढे येणार नाहीत.

अडखळत बोलणारा, कमी ऐकू येणारा, न दिसणारा विद्यार्थी यादीत असेल तर आधीच बोलावून त्यालाच विचारा काय सोयीचं पडेल. दिव्यांग विद्यार्थ्यांना लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. त्याच मापाने ७ मिनिटांची सव्वानऊ-साडेनऊ होतात, १० धरा आणि त्याला दिवसातला शेवटचा क्रमांक द्या म्हणजे मागे रांग थांबत नाही. अडखळणाऱ्याला ‘काय’ची पायरी लिहून द्यायची मुभा असावी. दहा आकडे मोजण्याचा नियम त्याच्यासाठी वीसचा करा, आणि त्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही.

सगळं झाल्यावर ७२ आकडे एका रांगेत मांडा. पुन्हा ६० जण चार आकड्यांत असतील तर रकाने वेगवेगळे पाहा. बहुधा एखाद्या रकान्यात सगळ्यांना ३ च पडलेले दिसतील, म्हणजे त्या रकान्यात कुणी काही ऐकलंच नाही. एकाच चिठ्ठीवाल्यांना सरसकट कमी पडलेत का, तेही बघा. बारा चिठ्ठ्यांत ७२ जण म्हणजे एका चिठ्ठीला साधारण सहा. सहाच्या सहा खाली असतील तर चिठ्ठीचा दोष, विद्यार्थ्यांचा नव्हे. त्या चिठ्ठीचे कागद पुन्हा वाचा.

राहिली ती मुलगी. तिला सात का पडले हे आता कुणालाच सांगता येणार नाही, म्हणून कारण रचू नका. “आवाज लहान होता”, “आत्मविश्वास कमी होता” असलं तर मुळीच नको. ती ते आयुष्यभर धरून बसेल. नोंद ठेवली नव्हती, चूक आमची, असं सरळ सांगा. पुन्हा तोंडी घेण्याची तरतूद नियमांत असेल तर परीक्षा समितीकडे अर्ज कसा करायचा ते सांगा, आणि तो अर्ज आला तर विरोध करू नका. मार्चमध्ये ती समोर बसेल तेव्हा तुमचा हात नकळत सैल सुटेल. तिच्या सात मिनिटांत प्रश्न सहकाऱ्यांना विचारू द्या, आणि तुमचे गुण लिहिण्याआधी त्यांचा कागद पालथा टेबलावर पडलेला असू द्या.